काळजीवाहू चेअरमन

संकट यायच्या आधीच त्याच्या दारात जाऊन त्याची चौकशी करून येणारा माणूस साऱ्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत दिलं. ते लग्न ठरताना सासरेबुवांनी म्हणे मुलाची नोकरी पाहिली, जमीन पाहिली, पत्रिका पाहिली. नवऱ्या मुलाने मात्र सासऱ्यांच्या घराचे वासे पाहिले आणि त्यातले दोन बदलून घ्या, असा निरोप मध्यस्थाकरवी धाडला. ज्याला होणाऱ्या सासऱ्याच्या डोक्यावरच्या कौलांची इतकी काळजी, तो आपल्या मुलीची किती घेईल, असा विचार करून सासरेबुवांनी होकार दिला. त्यांचा हिशेब बरोबर होता, फक्त ही काळजी मुलीपाशी थांबणार नाही, ती मेहुण्यांना, साडूंना आणि वाटेत भेटेल त्याला पुरून उरेल, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. वाडीतले लोक त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून मीही भाऊच म्हणतो.

मुंबईत भाऊंनी सारी नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीत काढली. लोक ज्या लिफ्टमध्ये केस विंचरत, गप्पा मारत वरखाली करत, तिचे दोर तपासायचं त्यांचं काम. स्वतः मात्र ते कायम जिन्याने चढायचे. कुणी कारण विचारलं तर शांतपणे सांगायचे, "मी ती आतून बघितलीय." निवृत्त होऊन वाडीला आले तेव्हा लिफ्ट मागे राहिली, पण तपासायची सवय अंगातच राहिली. एकदा भोरला साखरपुड्याला जाताना आमची मिनीबस वरंधला चहाला थांबली. पुढे घाट. भाऊंनी उतरून चारी टायर ठोकून पाहिले, मग ड्रायव्हरला रात्री किती झोपलास, सकाळी काय खाल्लंस, असं विचारायला लागले. वैतागून त्याने किल्ली पुढे केली आणि म्हणाला, काका, तुम्हीच न्या गाडी. भाऊंनी किल्ली घेतली, खिशात टाकली आणि त्याला सांगितलं, आता जरा पड. तो बिचारा खरंच मागच्या सीटवर घोरत पडला आणि आम्ही भोरला पोचलो तेव्हा तिकडे पेढे वाटून झाले होते. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नातला एक फोटो आमच्याकडे आहे. मंगलाष्टकं चालली आहेत, सगळ्यांच्या हातात अक्षता आहेत आणि वधूपिता मांडवाचा खांब दोन्ही हातांनी धरून वर बघत उभे आहेत. वारा सुटला होता, एवढंच त्यांचं म्हणणं.

महाडात माझं चष्म्याचं दुकान आहे, बाजारपेठेत, नदीपासून फार लांब नाही. पावसाळ्यात वर डोंगरात जोर धरला की भाऊंचा फोन आलाच. माल वर घेतलास का. मशीन वर घेतलंस का. शेजारच्याला सांगितलंस का. सुरुवातीला मी हो हो म्हणून वेळ मारून न्यायचो, पण मग ते ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, फोनवर देत आणि ताई बायकोला मागत, आणि बायको घरात मोठ्याने बोलू लागली की माल वर नेणं हेच सोपं वाटायचं. त्यामुळे पाणी दुकानात शिरलं त्या साली माझ्या फ्रेम्स कोरड्या राहिल्या. मी आभार मानले तर भाऊंचा चेहरा पडला. म्हणाले, आता तू पुढच्या वेळी निर्धास्त होशील.

अशा माणसाला कुणी पैशाजवळ बसवेल असं वाटत नाही, पण झालं नेमकं तसंच. त्या खोऱ्यातल्या प्रत्येक घरातला कुणी ना कुणी मुंबईला. त्या मुंबईकरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून पोलादपुरात एक छोटी पतसंस्था काढली होती. चेअरमन कोण, यावरून दोन गावांत जुंपली, तेव्हा कुणीतरी भाऊंचं नाव सुचवलं आणि दोन्ही बाजूंना ते एकदम पटलं. हा माणूस दुसऱ्याला खाऊ देणार नाही याची त्यांना खात्री होती, आणि स्वतः खाईल तर त्याला पचणार नाही याचीही.

भाऊंकडून कर्ज काढणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्याएवढा व्याप, असं लोक म्हणत. म्हैस घ्यायची तर भाऊ म्हैस बघायला जात, तिच्या मालकाला ती का विकतोस म्हणून विचारत आणि मग कर्ज मागणाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला विचारत, गो, तुला झेपणार हाय का ही? एकाला टेम्पो घ्यायचा होता, तर भाऊ आठवडाभर पोलादपूरच्या नाक्यावर उभे राहून दुसऱ्यांच्या टेम्पोंना भाडी किती मिळतात ते बघत राहिले. शेवटी त्याला म्हणाले की तुझ्या आधीच तिथे टेम्पो जास्त झालेत, तू पिठाची चक्की घाल. तो रागावून गेला. पण वाडीतल्या एका बाईने ते ऐकलं होतं. नवरा मुंबईत हॉटेलात, सासू घरी, चार शेळ्या. ती आली आणि म्हणाली, मी घालते चक्की. भाऊंनी तिला इतकी भीती घातली की दुसरी कुणी असती तर पळाली असती. वीज जाईल, पट्टा तुटेल, पावसाळ्यात दळण कमी होईल. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग सुरू कधी करू?" चक्की चालली. एका पावसाळ्यात खरंच पट्टा तुटला, दळण बसलं, तेव्हा तिने शेळ्या विकल्या आणि हप्ता भरला. भाऊंनी तिला शेळ्या विकू नको, थोडं थांबू, असं सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. म्हणाली, तुम्हाला झोप लागत नाय असं ताय सांगत होती.

आता महाडच्या मोठ्या पतसंस्थेबद्दल सांगायला हवं. तिला काचेचं दार होतं, आत गारवा होता, आणि व्याज सगळ्यांपेक्षा थोडं जास्त. दुकानाचे, मुलीच्या शिक्षणाचे, असे माझे सगळे पैसे तिथे होते. ताईंना माहेरची जमीन विकून वाटणी मिळाली होती, ती त्यांनीही तिथेच ठेवली. नवऱ्याची पतसंस्था असताना महाडला का, म्हणून बायकोने विचारलं, तर ताई म्हणाल्या, "ह्यांच्याकडे ठेवले तर हे माझ्याच पैशाच्या काळजीनं मला झोपू देणार नाय." भाऊ दर भेटीत मला तिथून पैसे काढ म्हणायचे. कारण विचारलं तर त्यांना धड सांगता यायचं नाही. फार हसतात रे सगळे, म्हणायचे. कर्ज मागायला आलेला हसतो, देणारापण हसतो. मी ते मनावर घेतलं नाही. भाऊ तर चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या अनोळखी माणसालाही मागे सरकून बस म्हणून सांगत.

एका सोमवारी सकाळी मी दुकान उघडायला निघालो तर त्या काचेच्या दारावरचं शटर अर्ध्यावर होतं आणि बाहेर गर्दी. आत बसलेला शिपाई वाकून वाकून सगळ्यांना एकच सांगत होता की आज व्यवहार होणार नाहीत. उद्याचं त्याला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत कळलं की मोठमोठी कर्जं मोजक्याच लोकांना गेली होती, ती परत आली नव्हती, आणि घेणारे बहुतेक देणाऱ्यांच्या ओळखीतले होते. आमच्या शेजारचा कापडवाला पायरीवर बसून राहिला, त्याच्याकडे बघवत नव्हतं. पुढे कित्येक महिने मी नंबर काढताना गिऱ्हाइकाला अक्षरं नीट दिसतात का विचारायचो आणि उत्तर ऐकायचं राहून जायचं.

पहिल्या दिवशी दुपारी गर्दीत मला भाऊ दिसले. एसटीने आले होते, हातात डबा. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्यांनी मला बाजूला सावलीत नेऊन बसवलं, डबा उघडला आणि जेव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शांत पाहिलं. इतकी वर्षं ज्याच्या येण्याची चाहूल घेत होते ते समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि आता त्यांना त्याची भीती वाटत नव्हती. आमच्या सगळ्यांच्या वाटची काळजी मात्र त्यांच्या चेहऱ्यावर होती. पायरीवरच्या कापडवाल्यालाही त्यांनी अर्धी भाकरी खायला लावली. पुढे ताईंना घेऊन ते दर आठवड्याला चौकशीला यायचे. ताई शटरकडे बघत उभ्या राहत आणि भाऊ ताईंकडे.

निवडणूक जवळ आली तसे आमचे पुढारी जागे झाले. मोर्चा निघाला, निवेदनं गेली, आणि एक दिवस बातमी आली की सरकार पतसंस्था बुडू देणार नाही. वरून मदत येणार, ठेवीदारांना पैसे टप्प्याटप्प्याने मिळणार. महाडात फटाके वाजले. चौकात फलक लागला, त्यावर पुढाऱ्यांचा फोटो मोठा आणि कोपऱ्यात, आभार मानणाऱ्यांत, त्या बुडालेल्या संस्थेच्याच जुन्या चेअरमनांचा फोटो. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी पेढे आणले आणि भाऊंना फोन केला. त्यांनी ताईंना बोलावून बातमी सांगितली, ताई रडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग भाऊ म्हणाले, बरं झालं, आणि पुढे विचारलं, "आणि ज्यांनी बुडवलेनी, त्यांचं काय होणार हाय?"

त्यांचं काय होणार ते पुढच्या काही दिवसांत कळलं. मोठ्या कर्जदारांचं व्याज माफ होणार होतं आणि मुद्दलाला भरपूर मुदत मिळणार होती, कारण त्यांना ओढलं तर तेही बुडतील आणि वसुली काहीच होणार नाही. मदतीला आणखी एक अट होती. महाड आणि पोलादपूर, दोन्ही तालुक्यांतल्या धडधाकट छोट्या पतसंस्था महाडच्या संस्थेत विलीन व्हायच्या, म्हणजे तिला आधार मिळेल. धडधाकट म्हणजे मुख्यतः भाऊंची.

पोलादपुरात हप्ते यायचे कमी झाले ते तेव्हापासून. ज्यांनी कधी चुकवला नव्हता ते नाक्यावर भाऊंना टाळू लागले. एकाने तोंडावरच विचारलं की महाडच्या बंगलेवाल्यांना माफी आणि आम्हाला तुमचा तगादा, हे कसं काय. भाऊंनी त्याला पुष्कळ समजावलं, पण घरी आल्यावर ताईंना म्हणाले की त्याचं चुकलं कुठे ते मला सांगता आलं नाय. मग एका संध्याकाळी ती चक्कीवाली बाई ओटीवर येऊन बसली. ती भांडायला आली नव्हती. बराच वेळ ताईंशी इकडचं तिकडचं बोलली, आणि उठता उठता भाऊंना म्हणाली, "भाऊ, आमी भरलं ते चुकलं का वो?" ताईंनी मला नंतर सांगितलं, ती गेल्यावर हे गोठ्यात जाऊन उभे राहिले, गुरं कधीच विकून टाकलीत तरी.

विलीनीकरणाचा ठराव भाऊंच्या सभासदांनी करायचा होता. तो झाला नाही तर सगळी मदतच लांबेल, असं महाडात पसरलं. मग सगळ्यांना आठवलं की चेअरमन माझे साडू आहेत. कापडवाला आला, गल्लीतले आले, पुढाऱ्यांचा माणूस आला आणि भाऊंना नव्या संस्थेत संचालक करू असं सांगून गेला. बायकोने सकाळी लवकर उठून माझा डबा भरून ठेवला, तेव्हा मी काय ते समजलो आणि पोलादपूरची एसटी पकडली.

भाऊ ओटीवरच होते. मी सगळं मांडलं. मुलीचा प्रवेश, दुकानाचा माल, ताईंची वाटणी. संचालकपदाचंही सांगितलं. ताई चहा ठेवून दाराशी उभ्या राहिल्या.

"तुझं खोटं नाय," भाऊ म्हणाले. "तुझे पैसे मिळाले पायजेत. हिचे मिळाले पायजेत. तो पायरीवर बसलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढनं जात नाय. पण इकडे ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन भरलं, त्यांचं घेऊन मी तिकडे नेऊन देऊ? आणि कोणाच्या हातात, तर त्याच हातात?"

मी म्हटलं, सरकारने काहीतरी केलं ना भाऊ, नाहीतर सगळेच गेलो असतो.

"तेच तर," ते म्हणाले. "करू नये असं मला म्हणता येत नाय, आणि केलं ते बरं झालं असंपण म्हणता येत नाय. मला पहिल्यांदा कळत नाय की घाबरायचं कोणच्या बाजूनं."

मी ताईंकडे पाहिलं, त्या काहीतरी बोलतील म्हणून. त्या म्हणाल्या, "भावजी, चहा निवला." आणि आत गेल्या.

सभा शाळेच्या वर्गात झाली. मी सभासद नव्हतो, पण मागे दाराशी उभा राहिलो. वरून आलेल्या साहेबांनी विलीनीकरणाचे फायदे सांगितले. मग भाऊ उठले. विलीन झालो तर काय काय होईल याची भीती त्यांनी आधी घातली. पोलादपूरची शाखा राहील की नाही, डोंगरातल्या माणसाला कर्ज मिळेल की नाही, जुने चेअरमन परत येतील की काय. साहेबांना त्यांनी यातलं काही लेखी देता का म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, तशी पद्धत नाही. मग भाऊंनी विलीन झालो नाही तर काय होईल याची भीतीही तितक्याच मन लावून घातली. मागच्या बाकावर दोघे पेंगायला लागले होते. भाऊंना गप्प करायचं कुणाच्या मनात येईना आणि त्यांची काळजी संपेना. शेवटी ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "माझ्या घरातले पैसे महाडात अडकलेत. म्हणून मी हात वर करणार नाय आणि इथं थांबणारपण नाय. मी असलो तर तुमी माझ्या तोंडाकडे बघाल." एवढं बोलून ते चपला घालून बाहेर गेले आणि शाळेच्या मैदानात जाऊन उभे राहिले.

ठराव मंजूर झाला. होणारच होता. त्या वर्गात असं एकही घर नव्हतं की ज्याची बहीण, जावई, नाहीतर स्वतःची पुंजी महाडला अडकली नव्हती. मला हायसं वाटलं. मैदानात भाऊंना सांगायला जावं तर माझ्या आधी चक्कीवाली बाई तिथे पोचली होती.

"झालं भाऊ," ती म्हणाली. "समद्यांनी हात वर केले. मी नाय केला."

भाऊंनी तिला नमस्कार केला. एरवी ते फक्त देवळात हात जोडतात.

पुढे सगळं भाऊ भ्यायले होते तसंच झालं आणि त्याचबरोबर आमचे पैसेही मिळाले. दोन्ही खरं आहे. मुलीचा प्रवेश झाला. कापडवाला दुकानात पुन्हा ओरडून भाव सांगू लागला. पुढारी निवडून आले. महाडचे जुने चेअरमन नव्या संस्थेच्या सल्लागार मंडळावर आले आणि त्यांच्या सत्काराला गर्दीही झाली. पोलादपूरच्या शाखेत आधी माणसं कमी केली, मग ती उघडायचे वार कमी केले, मग ती बंदच झाली. भाऊंनी संचालकपद घेतलं नाही. दुसऱ्याला जामीन राहू नकोस असं जो माणूस लग्नाच्या पंगतीतही मांडीला मांडी लावून बसलेल्याला बजावायचा, तो एक दिवस त्या चक्कीवाल्या बाईबरोबर महाडला आला आणि तिच्या दुसऱ्या मशीनसाठी जामीन म्हणून सही करून गेला. सही करायच्या आधी, कागदावरची अक्षरं नीट लागत नाहीत म्हणून, त्यांनी माझ्या दुकानात येऊन चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर तोच होता. मी तसं सांगितल्यावर ते उठून सही करायला गेले.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं वाडीवर गेलो होतो. दुपारची जेवणं झाली होती, बहिणी बहिणी पानं लावत बसल्या होत्या. बोलता बोलता ताई सहज म्हणाल्या की त्यांनी आपले पैसे पुन्हा महाडलाच ठेवलेत, व्याज अजून तिथेच जास्त आहे. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी भाऊंकडे. ताई म्हणाल्या, "आता कसली भीती? बुडाली तर सरकार हाय ना."

भाऊ रागावले नाहीत. समोरच्या डोंगरावर ऊन उतरत होतं. तिकडे बघत ते मला हळूच म्हणाले, "अरे, सगळे असंच म्हणतात आता. जो तो सरकारवर भार टाकून निजतो. मंग सरकारकडे कोण बघणार?"

निघताना ते गाडीपर्यंत सोडायला आले नाहीत. वळणावरून मी मागे पाहिलं तर ओटीवर तसेच बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, डोंगरापलीकडे कुठेतरी नजर लावून. मुंबई त्याच दिशेला आहे. कुणाला माहीत नसेल, पण उमरठच्या वरच्या वाडीतला एक म्हातारा हल्ली सरकारची काळजी करतो. महाड जवळ आल्यावर बायको म्हणाली, पुढच्या वेळी आपण दोन दिवस राहायला जाऊ. मीही तेच मनात घोळवत होतो.